अवजड यंत्रांचा उद्योग: काम नेमकं काय असतं आणि त्यात करिअर कसं उभं राहतं

पोकलेन खोदत असताना पाच मिनिटं थांबून बघा. बकेट मातीत घुसते, भरते, बूम, म्हणजे बकेट तोलणारा मोठा हात, वर येतो, वरचा सगळा भाग गर्रकन फिरतो, माल डंपरमध्ये पडतो आणि बकेट पुन्हा खाली. एवढं सगळं साधारण वीस सेकंदांत, म्हणजे तासाला १८० फेऱ्या. मशीन वर्षाला २,००० तास चाललं तर ३ लाख ६० हजार फेऱ्या, आणि १०,००० तास भरेपर्यंत १८ लाख. प्रत्येक फेरीला बूमच्या पोलादावर ताण चढतो आणि उतरतो. दीड-दोन टन माती एकदा उचलेल असं मशीन बनवणं फारसं अवघड नाही. तीच माती १८ लाख वेळा उचलूनही तडकणार नाही असं मशीन बनवायचं, ते परवडेल अशा किमतीत विकायचं आणि खाणीच्या धुळीत, चिखलात, उन्हातान्हात चालू ठेवायचं, यासाठी हा अख्खा उद्योग उभा आहे.

पोकलेन, जेसीबी, डोझर, व्हील लोडर, ग्रेडर, रोलर, क्रेन, खाणीतले महाकाय डंपर, बोगदे खोदणारी यंत्रं हे सगळं या घराण्यातलं. इथे करिअर करू पाहणाऱ्या मुलामुलींपुढे सहसा दोनच चित्रं ठेवली जातात: संगणकावर मॉडेल काढणारा डिझायनर आणि तेलकट कपड्यांतला फिटर. या दोघांच्या मधलं जग मोठं आहे, आणि चांगली करिअर बहुतेक तिथेच घडतात.

माझं मत सुरुवातीलाच सांगतो. या क्षेत्रात लांबचा पल्ला गाठतात ती माणसं मशीन कसं मोडतं याचा मनापासून अभ्यास करणारी असतात. मशीन कसं चालतं हे माहितीपुस्तकात लिहिलेलं असतं. ते कुठे, किती तासांनी, कशामुळे बंद पडतं हे साइटवर जाऊन, तुटलेला भाग हातात घेऊन शिकावं लागतं.

या उद्योगाचा इतिहासही असाच घडला आहे. कॅलिफोर्नियातल्या नदीमुखाच्या भुसभुशीत जमिनीत वाफेचे जड ट्रॅक्टर रुतून बसायचे. चाकं रुंद करून पाहिली, आणखी रुंद केली, तरी भागेना. मग १९०४ साली बेंजामिन होल्ट यांनी चाकं काढून तिथे साखळीसारखे पट्टे बसवून चाचणी घेतली. वजन मोठ्या क्षेत्रफळावर पसरलं आणि ट्रॅक्टर रुतायचा थांबला. पुढे १९२५ मध्ये होल्ट आणि बेस्ट या दोन स्पर्धक कंपन्या एकत्र येऊन कॅटरपिलर उभी राहिली. आज डोझरखाली दिसणारा पट्टा हे शेतात रुतलेल्या मशीनला शोधलेलं उत्तर आहे.

पोलाद, वेल्डिंग आणि तडा

अवजड यंत्राचा सांगाडा म्हणजे मुख्यतः जाड प्लेटी कापून, वाकवून, जोडून केलेलं वेल्डिंग. प्लाझ्मा, लेझर किंवा गॅसवर प्लेट कापली जाते, प्रेस ब्रेक नावाच्या यंत्रावर वाकवली जाते, जागेवर घट्ट धरणाऱ्या फिक्स्चरमध्ये बसवून टॅक, म्हणजे तात्पुरते छोटे वेल्ड, मारले जातात आणि मग मुख्य वेल्डिंग होतं. मोठ्या कारखान्यांत लांब, सरळ वेल्ड रोबो मारतात. अडचणीच्या जागा अजूनही माणसाच्या हातात आहेत. वेल्डिंगच्या उष्णतेने प्लेटी ओढल्या जातात, म्हणून पिनांची भोकं आधी फायनल मापाला करत नाहीत. वेल्डिंग संपल्यावर मोठ्या बोअरिंग मशीनवर ती एका रेषेत बोअर केली जातात. मग शॉट ब्लास्टिंग (पोलादी गोळ्यांच्या माऱ्याने पृष्ठभाग साफ करणं), रंग आणि असेंब्ली.

आता तड्याकडे या. तार एकदा वाकवून तुटत नाही, पण मागेपुढे वाकवत राहिलं की तुटते. पोलादाचा हा थकवा जर्मन अभियंता ऑगस्ट व्होलर यांनी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर रेल्वेच्या आसांवर पद्धतशीर अभ्यासला. त्यांच्या कामातून निघालेला आलेख आजही प्रत्येक बूमच्या डिझाइनमध्ये वापरला जातो. वेल्ड केलेल्या जोडासाठी तो आलेख असं सांगतो: ताणाचा चढउतार दुप्पट झाला तर आयुष्य निम्म्यावर येत नाही, एकअष्टमांशावर येतं. उलट हा चढउतार फक्त २० टक्क्यांनी कमी केला तरी आयुष्य जवळपास दुप्पट होतं. कारण आयुष्य ताणाच्या घनाच्या प्रमाणात घटतं.

समजा, एका मॉडेलच्या बूमला ६,००० तासांच्या आसपास तडे जात असल्याच्या तक्रारी येऊ लागल्या. नवखा इंजिनियर म्हणतो, जास्त ताकदीचं पोलाद वापरू. ऐकायला पटतं, पण वेल्डच्या जोडावर हा उपाय फारसा चालत नाही. वेल्डचा धातू प्लेटला जिथे मिळतो त्या कडेला अगदी बारीक खाचा वेल्डिंगपासूनच असतात. त्यामुळे तडा सुरू व्हायला वेळ लागत नाही; जोडाचं आयुष्य म्हणजे जवळजवळ सगळा तडा वाढण्याचा काळ. आणि साध्या पोलादात काय, महागड्या पोलादात काय, तडा साधारण सारख्याच वेगाने वाढतो. मुरलेला माणूस वेगळ्या वाटेने जातो. तडा वेल्डच्या कडेला सुरू झाला की मुळाशी, म्हणजे जोडाच्या आतल्या तळाशी, ते आधी बघतो. जोड जास्त ताणाच्या जागेवरून थोडा सरकवता येईल का ते तपासतो. जाड प्लेट पातळ प्लेटला मिळते तिथे उतार देतो. वेल्डची कड ग्राइंड करून गुळगुळीत करायला सांगतो. पुष्कळदा एक किलोही पोलाद न वाढवता प्रश्न सुटतो.

तडा कधी कधी कारखान्यातच जन्माला येतो. जाड प्लेट थंड असताना वेल्ड मारला, किंवा वेल्डिंगचा रॉड दमट असला, तर वेल्डमध्ये हायड्रोजन शिरतो आणि काही तासांनी, कधी दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी, आतून तडा जातो. काम संपल्यावर लगेच तपासलं तर सगळं ठीक दिसतं. म्हणून जाड प्लेट आधी तापवून घेतात, रॉड ओव्हनमध्ये कोरडे ठेवतात आणि महत्त्वाच्या जोडांची अल्ट्रासॉनिक तपासणी बरेचदा ४८ तास थांबून करतात. प्लेट का तापवायची हे समजलेला वेल्डर आणि सांगितलं म्हणून तापवणारा वेल्डर यांच्या कामात वर्षभरातच फरक दिसू लागतो.

वेल्डिंगमध्ये करिअर नसतं असं ज्यांना वाटतं त्यांनी ही शिडी पाहावी. आयएसओ ९६०६ सारख्या प्रमाणाखाली परीक्षा दिलेला वेल्डर, मग सुपरवायझर, वेल्डिंग इन्स्पेक्टर, विनाविध्वंस चाचणीचा (भाग न तोडता आतला दोष शोधण्याचा) तज्ज्ञ, आणि शिक्षणाची जोड मिळाली तर वेल्डिंग इंजिनियर. हातात कसब आणि डोक्यात धातुशास्त्र असा माणूस कुठल्याही देशातल्या कारखान्याला हवा असतो, आणि तो सहजी मिळत नाही.

तेलाचा दाब

दुसरं मोठं दालन हायड्रॉलिक्सचं. तत्त्व सतराव्या शतकातल्या पास्कलचं: बंदिस्त द्रवावर दिलेला दाब सगळीकडे सारखा पोहोचतो. पोकलेनमध्ये हा दाब ३५० बारच्या, म्हणजे हवेच्या दाबाच्या सुमारे ३५० पटीच्या, आसपास जातो. १५० मिलिमीटर व्यासाच्या सिलिंडरवर तेवढा दाब दिला की सुमारे ६३ टनांचा धक्का मिळतो. मनगटाएवढ्या नळीतून येणारं तेल हे करतं, आणि ऑपरेटर दोन बोटांनी जॉयस्टिक हलवत असतो.

या ताकदीची किंमत म्हणजे स्वच्छता. पंप आणि व्हॉल्व्हमधल्या फिरत्या, सरकत्या भागांत काही मायक्रॉनच (एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) फट असते. माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉन जाड, आणि ४० मायक्रॉनच्या खालचा कण नुसत्या डोळ्यांना दिसतच नाही. म्हणजे जो कचरा पंप खाऊन टाकतो तो बघून कळत नाही. म्हणून तेलाची स्वच्छता मोजायला आयएसओ ४४०६ हे प्रमाण आहे. एक मिलिलिटर तेलात ४, ६ आणि १४ मायक्रॉनपेक्षा मोठे किती कण आहेत, यावरून तीन आकडे मिळतात. आकडा एकने वाढला की कण दुप्पट झाले असं समजायचं. बॅरलमधून आलेलं नवं कोरं तेलही बरेचदा या मोजमापात नापास होतं. ते फिल्टर करूनच टाकीत भरायचं हे ज्या कारखान्यात अंगवळणी पडलेलं असतं, तिथले पंप जास्त टिकतात.

दोष कसा शोधायचा याचं एक उदाहरण सविस्तर सांगतो, कारण त्यातून या कामाचा पिंड कळेल. बूम वर करून ठेवला आहे, इंजिन बंद, आणि बूम हळूहळू खाली बसतोय. दहांतले बरेच जण लगेच म्हणतील, सिलिंडरच्या पिस्टनचं सील गेलं. सिलिंडर उतरवला जातो, सील बदललं जातं, दिवस जातो आणि बूम पुन्हा खाली बसायला लागतो.

थोडा विचार करू. बूमचं वजन रॉडला, म्हणजे पिस्टनला जोडलेल्या दांड्याला, सिलिंडरच्या आत ढकलतंय. रॉड आत शिरायचा तर त्याला जागा हवी, म्हणजे तेवढं तेल सिलिंडरबाहेर जायला हवं. दोन्ही पोर्ट, म्हणजे तेल आत-बाहेर जाण्याची तोंडं, खरोखरच बंद असतील तर पिस्टनचं सील पूर्ण गेलं तरी तेल फक्त एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला जाईल; बाहेर जाणार नाही. तेल जवळपास दबतच नाही, त्यामुळे बूम थोडा बसून थांबेल. तो बसतच राहिला तर तेल सिलिंडरमधून निघून जातंय: मुख्य व्हॉल्व्हच्या स्पूलमधून (तेलाची वाट उघडणाऱ्या-बंद करणाऱ्या सरकत्या दांड्यापाशी), बूम धरून ठेवणाऱ्या होल्डिंग व्हॉल्व्हमधून, किंवा रॉडच्या सीलमधून बाहेर. सीलवर संशय असेलच तर रॉडच्या बाजूला गेज लावावा. सील धड असेल तर तिथे दाब जेमतेम दिसतो. गेलं असेल तर दाब चढलेला दिसतो. ओझं रॉडला लटकलेलं असेल, म्हणजे रॉड बाहेर ओढला जात असेल, तर मात्र हा हिशोब बदलतो. तिथे सील गेलं तर रॉड खरंच सरकू शकतो.

हे समजायला मोठं गणित लागत नाही. लागतो तो पाना उचलण्याआधी दोन मिनिटं थांबण्याचा संयम आणि तेल कुठून कुठे जातं हे डोळ्यांसमोर आणण्याची सवय. हायड्रॉलिक सर्किटची आकृती वाचता येणारा टेक्निशियन आणि नुसते पार्ट बदलणारा टेक्निशियन यांच्या वाटा इथूनच वेगळ्या होतात. कोणत्याही वयात, कोणत्याही पदावर असाल तरी ती आकृती वाचायला शिका. या क्षेत्रात इतक्या थोड्या मेहनतीत इतका परतावा देणारं दुसरं कौशल्य मला माहीत नाही.

सुरक्षेचं एक इथेच सांगून ठेवतो. पाइपला गळती आहे का हे हाताने चाचपून कधीही बघू नका. या दाबाचा सुईएवढा झोत त्वचेतून थेट आत शिरतो. जखम टाचणी टोचल्यासारखी दिसते, पण वेळेत शस्त्रक्रिया झाली नाही तर बोट किंवा हात गमवावा लागू शकतो. पुठ्ठ्याचा तुकडा फिरवून बघतात. आणि उचललेल्या बूमखाली किंवा बकेटखाली, आधार दिल्याशिवाय, कोणीही कितीही घाईत असलं तरी जायचं नाही.

इलेक्ट्रॉनिक्स आणि इंजिन

आजच्या मशीनमध्ये इंजिन, पंप, ट्रान्समिशन आणि डिस्प्ले हे सगळे एकाच दोन तारांच्या जाळ्यावर एकमेकांशी बोलतात. या संदेशांची सर्वाधिक वापरातली भाषा म्हणजे एसएई जे१९३९. युरोपात २०१९ पासून स्टेज ५ चे धुराचे नियम लागू झाले, त्यामुळे इंजिनच्या मागे काजळी अडवणारा फिल्टर आणि नायट्रोजन ऑक्साइड मोडणारी, युरियाचं ३२.५ टक्के द्रावण वापरणारी यंत्रणा आली. आता इंजिन नीट चालत नसेल तर कारण इंजेक्टर असू शकतं, सेन्सर असू शकतो किंवा टाकीत भरलेलं भेसळीचं द्रावणही असू शकतं. ड्रायव्हरशिवाय चालणारे डंपर २००८ मध्येच कोमात्सूने चिलीतल्या तांब्याच्या खाणीत व्यावसायिक कामाला लावले होते. बॅटरीवरची छोटी मशीन बाजारात आहेत, मोठ्यांवर काम चालू आहे.

इथे माणसांची चणचण एका ठरावीक जागी आहे. कोड लिहिणारे पुष्कळ आहेत, मशीन जाणणारेही आहेत. दोन्ही येणारे फार थोडे. व्हॉल्व्ह उघडायची आज्ञा दिल्यावर तेल पोहोचायला क्षणभर लागतो, थंड तेलाला जास्त लागतो, आणि त्या क्षणाचा झटका ऑपरेटरच्या कमरेला बसतो, हे ज्या सॉफ्टवेअर इंजिनियरला अनुभवाने माहीत आहे त्याला काम शोधत फिरावं लागत नाही.

चाचणी विभागाबद्दल फारसं बोललं जात नाही, म्हणून एक उदाहरण. मशीन उलटलं तर ऑपरेटर वाचावा यासाठी केबिनचा सांगाडा आयएसओ ३४७१ प्रमाणे तपासतात. नवीन सांगाड्यावर आधी बाजूने, मग वरून, मग पुढून-मागून दाब दिला जातो. सांगाडा वाकतो, आणि वाकायलाच हवा, कारण वाकण्यातच ऊर्जा जिरते. पण आत बसलेल्या माणसासाठी ठरवून दिलेल्या जागेत त्याचा कुठलाही भाग शिरता कामा नये. हे काम करणाऱ्याला प्रत्येक मिलिमीटर महत्त्वाचा असतो, आणि तो मिलिमीटर कोणाच्या जिवासाठी आहे हेही ठाऊक असतं. समाधान देणाऱ्या नोकऱ्यांमध्ये मी चाचणी विभाग फार वर ठेवतो.

सुरुवात कुठून करावी

कारागिरीचं प्रशिक्षण, डिप्लोमा, डिग्री या तिन्ही वाटांनी लोक येतात आणि तिन्ही वाटांनी वर जातात. डिग्रीवाल्याला डिझाइनचं दार लवकर उघडतं. कारागिरीतून आलेल्याला सर्व्हिस, उत्पादन, तपासणी इथे पाया भक्कम मिळतो. पहिली पाच वर्षं एक विषय खोल धरावा: वेल्डेड स्ट्रक्चर, हायड्रॉलिक्स, पॉवरट्रेन (इंजिनची ताकद चाकांपर्यंत किंवा पट्ट्यांपर्यंत नेणारे भाग), कंट्रोल्स, यांपैकी काहीही. सगळ्यातलं थोडं थोडं येणारा माणूस सुरुवातीला उपयोगी वाटतो, पण अडचणीच्या वेळी फोन दुसऱ्यालाच जातो.

आणि शक्य झालं तर पहिल्या दोन-तीन वर्षांत काही महिने फील्ड सर्व्हिसमध्ये काढा. डिझायनरनेही, विशेषतः डिझायनरने. फिल्टर बदलायला तीन पाइप सोडावे लागतात असं मशीन ऑफिसात बसून डिझाइन होतं. त्याच माणसाला एकदा पावसात तो फिल्टर बदलायला लावलं की पुढच्या मॉडेलमध्ये फिल्टर बाहेरच्या बाजूला येतो. तिथे असताना एक वही ठेवा: कोणता भाग तुटला, मशीनचे तास किती झाले होते, काम कसलं होतं, तुटलेल्या पृष्ठभागाचा फोटो, आणि शेवटी निघालेलं कारण. थकव्याने तुटलेल्या पृष्ठभागावर बरेचदा लाटांसारख्या रेषा दिसतात, आणि त्या रेषांचं केंद्र तडा कुठून सुरू झाला ते दाखवतं. एकदम ओझ्याने तुटलेला भाग खरबरीत दिसतो, तिथे अशा रेषा नसतात. हा फरक ओळखता येऊ लागला की ग्राहक म्हणतो 'माल खराब' आणि विक्रेता म्हणतो 'वापर चुकीचा' या भांडणात तुमच्या शब्दाला वजन येतं.

अडचणी लपवण्यात अर्थ नाही. हा उद्योग चढउताराचा आहे. बांधकाम थंडावलं किंवा खनिजांचे भाव पडले की नव्या मशीनच्या ऑर्डरी झपाट्याने आटतात, आणि पहिला फटका उत्पादन विभागाला बसतो. नवं मॉडेल बाजारात यायला वर्षं लागतात, त्यामुळे झटपट निकालांची आवड असलेला माणूस इथे कंटाळतो. आवाज, धूळ, लांबच्या साइट, घरापासून दूर राहणं हेही आहेच. मुलींची संख्या अजून कमी आहे, आणि साइटवर साध्या सोयी नसणं हे त्याचं एक खरं कारण आहे. नोकरी घेताना त्याबद्दल स्पष्ट विचारण्यात संकोच नको.

मंदीत तगून राहायचं तर एक गोष्ट ध्यानात ठेवावी. नवी मशीन विकली जात नाहीत तेव्हा जुनी जास्त दिवस चालवली जातात. म्हणजे दुरुस्ती, सुटे भाग आणि पुनर्निर्मिती यांचं काम चालू राहतं. पुनर्निर्मितीत जुनं इंजिन किंवा पंप पूर्ण उघडून, मोजून, झिजलेले भाग बदलून नव्याच्या मापाला आणतात. कॅटरपिलर हे १९७३ पासून करत आहे. मशीन कसं झिजतं हे शिकायला यापेक्षा चांगली शाळा नाही, कारण टेबलावर रोज हजारो तास चाललेले भाग उघडे पडलेले असतात.

पहिली नोकरी निवडताना पगाराबरोबर आणखी काही बघा. कंपनीला स्वतःचा टेस्ट बेंच आणि चाचणीचं मैदान आहे का? डिझाइनचे लोक साइटवर जातात का, की सर्व्हिसचे रिपोर्ट ईमेलनेच फिरतात? वेल्डिंगची प्रक्रिया लिहिलेली आहे का, आणि प्रत्यक्ष कामाच्या जागी ती पाळली जाते का? तेल भरण्याच्या जागेवर फिल्टर लावलेला आहे का? हे कारखान्यातून एक फेरी मारताना दिसतं. आणि वॉरंटीत परत आलेले भाग कुठे जातात ते मुलाखतीतच विचारा. ते थेट भंगारात जात असतील तर दुसरीकडे बघा. ते उघडून तपासणारी खोली असेल आणि तिथे नव्या माणसाला बसू देत असतील, तर पगार थोडा कमी असला तरी मी तिथेच जा म्हणेन.